न गिळलेला घोट

“बाबा, आपण इथंच मरणार का?”

फिरस्ते साधू खडकूबाबा चालतच राहिले. सकाळपासून हा प्रश्न सातव्यांदा आला होता.

विचारणारे त्र्यंबकशास्त्री म्हणजे नावाजलेले प्रवचनकार. तीन-तीन तास बोलूनही घसा बसत नसे, आणि त्याचा त्यांना ताठाही होता. मरणाला भिऊ नये, हे त्यांनी शेकडो लोकांना पटवून दिलं होतं.

आता वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं. वाटेतला झरा आटलेला निघाला. पुढचं गाव दोन कोस, आणि बाबांच्या खांद्यावरच्या पोकळ भोपळ्यात जेमतेम घोटभर पाणी.

वाटेत गुराची हाडं दिसली. शास्त्रीबुवांच्या तोंडाचा पट्टा दुप्पट वेगानं सुरू झाला. श्लोक, नवस, मुलाबाळांची नावं...

बाबा एका आपट्यापाशी थांबले.

“हे बघ.”

पानं मधल्या शिरेवर दुमडून गप्प उभी होती.

“वाळलं बिचारं. आता आपली पाळी.”

“वाळलं न्हाई, मिटलंय. पानाला बारीक तोंडं असत्यात. त्यातनं झाडाचं पानी उडून जातं. ऊन चढलं की त्ये तोंड मिटतंय, अंग दुमडतंय.”

“पण बाबा, शास्त्रात तर...”

“आ कर.”

शास्त्रीबुवांनी आ केला. बाबांनी भोपळा त्यांच्या तोंडात रिकामा केला.

“गिळायचं न्हाई. गावच्या विहिरीपातुर पानी राख.”

आणि तुम्हाला? शास्त्रीबुवांना विचारायचं होतं. विचारता येईना.

ते चालू लागले. श्वास नाकातून, मोजका. पायाखालून काहीतरी सळसळत गेलं. किंकाळी घशाशी आली, पण तोंड उघडलं तर पाणी जाणार. ती तिथंच राहिली.

बाबा झपाझप पुढे गेले. टेकाडापलीकडे उतरले आणि दिसेनासे झाले.

हाक मारायची सोय नव्हती. इतकी भीती शास्त्रीबुवांना जन्मात वाटली नव्हती. आजवर भीती वाटली की ते बोलत. आता ती सगळी आतच होती, आणि तिच्यासकट चालावं लागत होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

टेकाड चढले. बाबा नव्हते.

दुसरं चढले...

खाली झाडी होती, कौलं होती. विहिरीच्या काठावर बाबा पोहरा सोडत बसले होते.

शास्त्रीबुवा धडपडत उतरले, काठावर बसले आणि तोंडातला कोमट घोट गिळला. मग मान खाली घालून ते हळूच म्हणाले,

“लाज वाटते, बाबा. भीती तसूभरही गेली नाही.”

बाबांनी पोहरा वर ओढला, त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.

“भीती घालव म्हनून म्या कुटं सांगितलं व्हतं?... पानी राख म्हनलं व्हतं.”