मैनेला हाकलल्यावर

फार पूर्वी एका माळावर म्हातारं कासव राहायचं. जमिनीत कुठे पाणी आहे, सगळं त्याला पाठ; पण स्वतःची सोडून दुसरी भाषा येत नसे. माकड, कोल्हा, रानडुक्कर आपापल्या भाषेत विचारत आणि मैना प्रश्न-उत्तरं इकडून तिकडे पोचवे.

“पदरचं एक अक्षर घालत नाहीस, मग मध्ये कशाला लुडबुडतेस?” म्हणत माकडाने तिला हाकललं.

पुढच्या उन्हाळ्यात झरे आटले. सगळे कासवासमोर येऊन आपापल्या भाषेत ओरडू लागले. कासव भयंकर संतापलं.

“तिला हाकलताना अक्कल कुठे गहाण टाकली होती? वडाखाली खणा! हातभर खणा, मूर्खांनो!” घसा फुटेपर्यंत ते तेच सांगत राहिलं.

‘म्हातारं नुसत्या शिव्या घालतंय,’ माकडाला वाटलं. चिडून ते तिथून निघालं आणि तहानेने तडफडत वडाखाली येऊन पडलं.