यादीच्या टोकाला बसलेले गुरुजी

एकदा एका तालुक्याच्या गावी मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांचे शिबिर भरले. तपासणीत निवडलेल्या दोनशे रुग्णांची यादी धर्मशाळेच्या भिंतीवर संध्याकाळी लागली. यादीत नाव असेल त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बसगाडीत बसायचे आणि शहरातल्या रुग्णालयात जायचे. गाडी चुकली तर पुढचे शिबिर वर्षाने. वर्षभरात अधू डोळ्याचे काय होते, ते वेगळे सांगायला नको.

यादी सौमित्रने केली होती. ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गुरुजींचा हा शिष्य. संगणकाच्या विद्येत निष्णात, आणि ती गोष्ट स्वतःही न विसरणारा. आडनावे त्याच्या प्रणालीने क्षणार्धात क्रमाने लावली होती.

सकाळी गुरुजी आले, त्यांनी यादीवरून एकदा नजर फिरवली, आणि स्टूल घेऊन ते थेट शेवटच्या कागदापाशी, भर उन्हात जाऊन बसले.

"गुरुजी, गर्दी सगळी तिकडे आहे. इथे काय ठेवलंय?" सौमित्र म्हणाला.

"गर्दीकडे तू बघ. मी इथेच बरा आहे."

म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असे सौमित्रने मनाशी ठरवून टाकले. शिष्यांना असे निष्कर्ष फार लवकर सुचतात!

थोड्या वेळाने गेनबा क्षेत्रे नावाचे गृहस्थ पत्नीचा हात धरून आले. चौथीपर्यंत शिकलेले. मधल्या कागदांकडे न बघता ते शेवटच्या कागदाशी गेले आणि बोट वरून खाली नेऊ लागले. हजारे, हिवाळे, होनराव. यादी तिथे संपत होती.

"नाही गं आलं तुझं नाव," ते म्हणाले.

सगुणाबाईंनी पदराने डोळे पुसले. "असू द्या. दिसतंय तेवढ्यावर भागवू. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

दोघे वळले. गुरुजी लगबगीने उठले. "अहो पाव्हणं, थांबा! आडनाव काय?"

"क्षेत्रे."

"सौमित्र, 'क' कुठे संपतो तिथे बघ रे."

नाव तिथे होते. 'कौ'च्याही खाली. सगुणाबाई गाडीत बसल्या. मग एक क्षीरसागर आले, मग एक ज्ञानमोठे. तिघेही आधी शेवटच्याच कागदाकडे गेले होते.

सौमित्रला ते झोंबले. "पण नावं यादीत होती, गुरुजी! संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क-ला जोडलेला ष. हिंदीचे कोशही क्ष तिथेच ठेवतात. माझं काही चुकलेलं नाही. हे लोक चुकीच्या जागी शोधतात."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "गेल्या वर्षी तू स्वीडनच्या ग्रंथालयाचं काम केलंस. तिथे काय केलंस?"

"त्यांच्यात डोक्यावर चिन्ह असलेली तीन अक्षरं आहेत, ती अगदी शेवटी लावली. जर्मन लोक तसलीच अक्षरं त्यांच्या साध्या अक्षरांबरोबर ठेवतात. म्हणून दोघांचे नियम वेगळे लिहिले."

"हे कुणाला विचारून?"

"तिथल्याच लोकांना. महिनाभर पत्रव्यवहार चालला होता."

"आणि इथे?"

सौमित्र हळूच म्हणाला, "इथलं मला येतंच, असं वाटलं."

गुरुजी म्हणाले, "हिंदीचा क्रम हिंदी वाचणाऱ्याला बरोबर आहे. इथला माणूस पहिलीच्या वर्गात 'ळ क्ष ज्ञ' म्हणत पाटी संपवतो आणि आयुष्यभर आपलं नाव तिथेच शोधतो. तिथे दिसलं नाही, तर 'यादी चुकली असेल' असं तो म्हणत नाही. आपल्यालाच वगळलं असं समजतो. आणि बाळा, गरीब माणूस वगळला गेला की भांडत नाही रे, घरी जातो. मला त्याचं फार वाईट वाटतं."

बाराला दहा मिनिटे होती. गाडीच्या दारात हजेरी झाली. एकशे नव्व्याण्णव. सौमित्रने 'क'चा तळ पाहिला. आणखी एक क्षीरसागर राहिल्या होत्या: अनसूया, राहणार मळेवस्ती. यादी लागली त्या संध्याकाळी तिथे स्टूल टाकून कोणी बसले नव्हते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले.

"ड्रायव्हरदादा, वीस मिनिटं थांबा, पाया पडतो!" असे ओरडून त्याने मोटारसायकल काढली.

वस्तीवरच्या दारात एक म्हातारी चाचपडत तांदूळ निवडत बसली होती. नाव विचारताच म्हणाली, "मीच ती. काल शेजारणीकडून वाचून घेतलं बाबा. यादीत नाव नव्हतं माझं."

"होतं, मावशी," सौमित्र म्हणाला. "मी चुकीच्या जागी ठेवलं होतं."

तिने सूप खाली ठेवले आणि चपला शोधू लागली. त्याने त्या तिच्या पायांशी आणून ठेवल्या.