केरबा सुतार पोरगी वाढवतो

सांगलीकडच्या एका गावात एक भोळा बाप राहत होता. नाव केरबा सुतार. हातात कसब होतं, पण डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. त्याला नमुना दाखवा, तो हुबेहूब तसंच करून देणार. एकदा पाटलांनी त्याला घराचा जुना दरवाजा दाखवला आणि म्हणाले, "केरबा, अगदी असाच नवा कर." केरबानं महिनाभर खपून नवा दरवाजा केला. खाली कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेलं भोक होतं, तेही त्यानं जिथल्या तिथं कोरून दिलं. पाटील ओरडले तेव्हा केरबा म्हणाला, "मग उंदराचं सोडून बाकी असाच कर, असं सांगायचं न्हाई व्हय?"

अशा माणसाला एकच मुलगी होती. नाव समीक्षा, घरात समी. ती नववीत गेली आणि केरबाच्या घरात काळजी शिरली. कारण गावातली शाळा दहावीपर्यंतच. पुढं कॉलेज तालुक्याला, बारा किलोमीटरवर, आणि कॉलेजच्या वेळेला एसटी नाही.

केरबाची बायको शालन शहाणी होती. ती म्हणाली, "दहावी झाली की समीला मिरजेला माझ्या भावाकडं ठेवू. मामा सांभाळंल."

केरबानं हातातला घास ताटात ठेवला. "एकच तर पोर हाय. ती गेली तर घरात ऱ्हायलं काय? रंधा आन करवत?"

"मग तिला हितंच ठेवायची असंल तर बापासारखं नीट वागा. वाढत्या वयाची पोर हाय. चुकलं की मी सांगत जाईन."

"सांग," केरबा म्हणाला. "तू सांगशील तसंच करतो."

आणि तो खरंच तसंच करायचा. सगळा घोळ तिथंच होता.

पहिली घटक चाचणी झाली. समीला गणितात वीसपैकी सात मार्क पडले. शाळेत पालकसभा भरली तेव्हा केरबा भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "सात? आवं, वीस इंच फळी सांगितली आन मी सात इंच दिली, तर गिऱ्हाईक मला दारात तरी उभं करंल का?" सगळी सभा हसली. समी मात्र रडत घरी आली.

शालननं कपाळावर हात मारून घेतला. "आवं, पोरीची असली गोष्ट चारचौघांत बोलायची नसती. तिला घरी आणायचं, दार लावायचं, हळू आवाजात समजूत घालायची. म्हणायचं, हुतं असं, मनाला लावून घेऊ नको."

केरबानं कानावरची पेन्सिल काढली, एका फळीवर सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "बरं. फुडच्या येळंला तसंच करतो."

पुढची वेळ दोन महिन्यांनी आली. तालुक्याच्या स्पर्धेत समी आठशे मीटर धावण्यात पहिली आली. शाळेनं सत्कार ठेवला. हेडमास्तर हार घेऊन उभे, सरपंच खुर्चीत, माईक चालू. हेडमास्तर म्हणाले, "आता समीक्षाचे वडील दोन शब्द बोलतील."

केरबा स्टेजवर चढला. त्यानं समीचा हात धरला, तिला खाली उतरवलं आणि तडक घरी आणलं. दार लावलं. खिडक्या लावल्या. मग हळू आवाजात म्हणाला, "समी, पैली आलीस म्हनं. हुतं असं. मनाला लावून घेऊ नको."

तिकडं हेडमास्तर अर्धा तास हार धरून उभे होते. शेवटी त्यांनी तो सरपंचांना घातला.

शालन म्हणाली, "आवं, असल्या वक्ताला हलगी लावायची! पेढे वाटायचे! पोरीची गोष्ट गावभर सांगायची, माझी पोर लई मोठी झाली म्हणून!"

केरबानं पेन्सिल काढली, फळीवर लिहून घेतलं. "बरं. फुडच्या येळंला तसंच करतो."

दिवाळीनंतर एकदा समी त्याच्याजवळ येऊन बसली. बराच वेळ लाकडाच्या भुशात बोटानं रेघा काढत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, कुणाला सांगणार नसला तर एक सांगते. वर्गातल्या एका मुलानं माझ्या वहीत चिठ्ठी ठेवली. तुझं अक्षर मला आवडतं, एवढंच लिहिलंय. मी काय करू?"

आता हे तिनं आईला नाही, बापाला सांगितलं होतं. केरबाला फार बरं वाटलं. पोरीची गोष्ट आहे खरी, असं म्हणत त्यानं फळी पाहिली. सगळ्यात खाली लिहिलेलं वाचलं आणि तासाभरात हलगी आणली.

सबंध गावातून मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मागं केरबा, हातात पेढ्यांचा पुडा. "माझी पोर लई मोठी झाली! तिला चिठ्ठी आली! अक्षर आवडलंय म्हनं! घ्या, तोंड गोड करा!" ज्यानं चिठ्ठी लिहिली होती त्या मुलाच्या बापानंही एक पेढा खाल्ला, आणि दुसरा खाताना त्याला सगळं समजलं. मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. समी आठ दिवस बापाशी बोलली नाही. गावाला हसायला झालं, पण त्या आठ दिवसांत केरबाचं कामात लक्ष लागलं नाही. त्यानं तीन पायांचं स्टूल करायला घेतलं आणि पाच पाय लावून ठेवले.

"माझं काय चुकलं?" त्यानं शालनला विचारलं.

"आवं, पोरीच्या नावानं कागद आला तर बोभाटा करायचा नसतो! उघडायचा न्हाई, वाचायचा न्हाई, गुपचूप चुलीत घालायचा आन तोंड बंद ठेवायचं!"

पेन्सिल, फळी. "बरं. फुडच्या येळंला तसंच करतो."

समी हळूहळू बोलायला लागली. राग धरून बसायचा तिचा स्वभाव नव्हता. दहावीत तिनं मान मोडून अभ्यास केला. फेब्रुवारीत तिला ताप आला, म्हणून शाळेच्या शिपायानं तिचा कागद घरी आणून दिला. पाकिटावर नाव, समीक्षा केरबा सुतार. केरबानं पाकीट उघडलं नाही. वाचलं नाही. शिपायाला चहा दिला आणि ज्या चुलीवर चहा केला त्याच चुलीत पाकीट घातलं. आणि तोंड बंद ठेवलं.

ते बोर्डाच्या परीक्षेचं हॉलतिकीट होतं.

दोन दिवस समी आणि शालन शिपायाची वाट बघत होत्या. केरबा गप्प. तिसऱ्या दिवशी शिपाईच रस्त्यात भेटला आणि उलगडा झाला. हेडमास्तरांनी धावपळ करून दुसरी प्रत काढून दिली. माणूस भला, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "केरबा, ज्या वस्तूवर पोरीचं पुढचं शिक्षण अवलंबून आहे, ती जाळायची नसते. पेटीत घालून कुलूप लावायचं असतं! वेळ आल्याशिवाय कुणाच्या हाताला लागू द्यायची नाही!"

केरबानं हेही लिहून घेतलं.

समीला दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडले. ह्या वेळी पेढे वाटायचं काम शालननं स्वतःकडं ठेवलं. तालुक्याच्या कॉलेजात नाव लागलं. आता प्रश्न उरला तो जायचा. शालनच्या बहिणीनं आपली हलकी, बिनगिअरची जुनी स्कूटी पाठवून दिली. समीला सोळा वर्षं पूर्ण झाली होती. शिकाऊ लायसन निघालं.

"कॉलेज सुरू व्हायच्या आत पक्कं लायसन निघालं, तर पोर घरात ऱ्हाईल," शालन म्हणाली. "न्हाईतर मिरज. भावानं खोली रंगवून ठेवलीय."

केरबानं मान हलवली. त्याला सगळं पटलं. स्कूटीवर पोरीचं पुढचं शिक्षण अवलंबून आहे, हे तर त्याला फारच पटलं.

त्यानं साठवणीतल्या सागवानी फळ्या काढल्या. दहा दिवस खपून गाडीएवढी पेटी केली. एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. स्कूटी आत, झाकण वर, कुलूप बाहेर. समी म्हणाली, "पप्पा, मला शिकायचीय." केरबा म्हणाला, "येळ आल्याशिवाय न्हाई."

शालननं हेडमास्तरांना बोलावून आणलं. हेडमास्तरांनी हात जोडले, "केरबा, उघड बाबा." केरबानं कुलूप काढलं, पण झाकण खाचेत असं बसलं होतं की ते सोडवायला त्याला स्वतःलाच तीन दिवस लागले.

"आता नीट ऐका," शालन म्हणाली. "गाडी शिकवायची म्हंजे मागनं कॅरियर धरून पळायचं. पोर कितीबी वरडली तरी हात सोडायचा न्हाई. पडंल ती."

ह्या वेळी मात्र केरबाचं काही चुकलं नाही. तो रोज सकाळी माळावर स्कूटीमागं पळायचा. दोनदा स्वतः पडला, पण समीला पडू दिलं नाही. आठवड्यात समी छान चालवायला लागली. "पप्पा, आता सोडा ना!" ती ओरडायची. केरबा सोडायचा नाही. ती ओरडणार हे त्याला आधीच सांगितलेलं होतं.

परीक्षेचा दिवस आला. तालुक्याला मैदानावर आरटीओचा कॅम्प होता. जमिनीवर चुन्यानं आठाचा आकडा काढलेला. समीचं नाव पुकारलं. समीनं गाडी सुरू केली आणि आठावरून निघाली. मागं कॅरियर धरून केरबा.

साहेब उठून उभे राहिले. "हे कोण?"

"पप्पा," समी म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काका, सोडा तिला."

"न्हाई," केरबा धापा टाकत म्हणाला.

"अहो, परीक्षा कुणाची आहे? तिची का तुमची?" साहेबांनी फॉर्मवर फुली मारली. पण समीच्या डोळ्यांतलं पाणी बघून ते जरा नरमले. त्यांनाही दोन मुली होत्या. ते केरबाला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, पोरं शिकली की सोडायची असतात. पुढच्या मंगळवारी या. गाडी सुरू झाली की हात काढायचा, पाठ फिरवायची आणि सरळ चालायला लागायचं. कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही. समजलं?"

फळी जवळ नव्हती. केरबानं तळहातावर लिहून घेतलं.

बुधवारी कॉलेज सुरू होणार होतं. म्हणजे मंगळवार चुकला की मिरज. समीची बॅग भरून दारात ठेवलेली होती. सकाळी घरातून निघताना केरबा त्या बॅगेकडं बघायलाही धजला नाही.

मैदानावर अकराला समीचं नाव पुकारलं. समीनं गाडी सुरू केली. केरबानं हात काढला. पाठ फिरवली. सरळ चालायला लागला.

इकडं साहेबांनी नवा फॉर्म उलटून पाहिला. "थांब. मुलगी अठराच्या आतली आहे. पालकांची सही कुठाय? सहीशिवाय परीक्षा होणार नाही."

"पप्पा!" समीनं हाक मारली.

केरबानं ऐकली. पाय अडखळला, पण तो थांबला नाही.

"अहो काका!" साहेब ओरडले. चहावाला ओरडला. परीक्षेला आलेली सगळी पोरं ओरडली. केरबा मैदानाच्या फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागला. पोरगी एवढी हाका मारतेय आणि आपण थांबत नाही, ह्या विचारानं त्याला भडभडून आलं. पोरीच्या भल्यासाठी बापाला किती कठोर व्हावं लागतं, असं म्हणत त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि आणखी जोरात चालू लागला.

समीनं फॉर्म पॅडला लावला, पॅड हँडलवर अडकवलं आणि स्कूटी त्याच्या मागं काढली. त्याला गाठलं. वेग कमी करत करत त्याच्या बरोबरीनं आणला.

"पप्पा, थांबा!"

"न्हाई. सायबांनी सांगितलंय."

बापाला ती सोळा वर्षं ओळखत होती. "बरं, थांबू नका," ती म्हणाली. "चालत चालत सही करा."

सही करायची नाही, असं तळहातावर काही लिहिलेलं नव्हतं. केरबानं पेन घेतलं. तो चालतोय आणि समी त्याच्या पावलाच्या गतीनं स्कूटी चालवतेय. पहिली सही पॅडवर गेली. दुसरी हँडलवर. तिसऱ्या वेळी 'केरबा' कागदावर उमटलं, आणि 'सुतार' व्हायला आणखी पन्नास पावलं लागली. एवढ्या सगळ्यात समीनं एकदाही पाय जमिनीला टेकला नाही.

साहेब फाटकात उभे राहून बघत होते. समी वळून परत आली तेव्हा ते म्हणाले, "चालत्या माणसाच्या बरोबरीनं पाय न टेकता गाडी चालवली. मलासुद्धा जमणार नाही. आठ काढ बघू एकदा." समीनं चुन्याची रेघ न पुसता आठ काढला. साहेबांनी फॉर्मवर पास लिहिलं.

कागदांचं काम होईपर्यंत चार वाजले. समी स्कूटीवरून घरी आली. शालननं दारातली बॅग उचलून माळ्यावर टाकली आणि पोरीला जवळ घेतलं. मग म्हणाली, "बाप कुठाय?"

"घरी नाही आले? पुढं निघाले होते."

केरबाचा फोन घरातच चार्जिंगला होता. दोघींनी गल्ली पाहिली, पार पाहिला, एसटीचा थांबा पाहिला. केरबा कुठंच नाही. दिवेलागणीला शालनचा फोन वाजला. मिरजेहून भाऊ बोलत होता.

"अक्का, तू पोरगी पाठवणार म्हणून मी खोली रंगवली. आन हितं दाजीच आल्यात."

"तितं कशाला गेले ते? गावाच्या फाट्याला वळायचं कळलं न्हाई?"

"सायबांनी सरळ जायला सांगितलंय म्हंत्यात. माझ्या घराम्होरल्या रेल्वे फाटकापाशी हुबं हाईत. घरात चला म्हनलं, तर म्हंत्यात, मी थांबल्यालो न्हाई, फाटक लागलंय."

समीनं फोन ओढून घेतला. "मामा, पप्पांना सांग, मी पास झाले. उद्यापासून घरातनंच कॉलेजला जाणार. मिरजेला येत नाही."

तिकडं मामानं ते ओरडून सांगितलेलं ऐकू आलं.

"समी," मामा म्हणाला, "दाजी रडाय लागल्यात गं. लई आनंद झालाय त्यास्नी."

शालनचेही डोळे भरले. तिनं फोन घेतला. "असू दे. जेवायला घाल आन सकाळच्या एसटीत बसवून दे. हाईत न्हवं तितंच?"

"हाईत की," मामा म्हणाला. तेवढ्यात मागून आगगाडी धडधडत गेली. "अक्का, फाटक उघडलं."

"मग?"

"मग काय! दाजी निघाले फुडं."