धुरपाबाईचा आवाज आणि तीन हळकुंडं

या, जवळ सरका. पांघरूण पायांवर घ्या. गोष्ट चालू असताना कुणी पाणी मागायचं नाही हं.

तर एक होतं गाव, नदीकाठचं. आणि त्या गावाला होता एक आवाज.

हसू नका, खरंच होता. तो राहायचा धुरपाबाईच्या गळ्यात. धुरपाबाई म्हणजे गावची हाळी देणारी म्हातारी. गावासमोर नदीच्या मधोमध एक बेट होतं. त्या बेटावर सगळं गाव हळद पिकवायचं. बेटाच्या कडेनं वेळूची दाट बनं, त्यामुळे आतलं माणूस काठावरून दिसायचं नाही. आणि नदी अशी खळाळायची, की सगळे आवाज पिऊन टाकायची. ढोल बडवा, थाळ्या बडवा, पलीकडे काही म्हणजे काही पोचायचं नाही. पोचायची ती एकट्या धुरपाबाईची हाळी.

हाळी कशाला लागायची? तर वर डोंगरात एक तळं होतं, लहरी. मनात आलं की ओसंडायचं. त्याला ना पाऊस लागायचा, ना ढग. मग नदी फुगायची आणि अख्खं बेट बुडवायची. पण नदी मनानं वाईट नव्हती, बरं का. पाणी येण्याआधी ती एक करकोचा पाठवायची. तो धुरपाबाईच्या अंगणासमोरच्या खडकावर येऊन बसायचा. दोन पायांवर उभा असला, की पाणी अजून लांब आहे. एका पायावर उभा राहिला, की पाणी निघालं. आणि उडाला, की पाणी आलंच.

मग एकदा काय झालं, हळद काढायचे दिवस होते. थंडी मी म्हणत होती. सगळं गाव सकाळीच होडीतून बेटावर गेलेलं. होडी एकच. ती चालवायचा धुरपाबाईचा मुलगा, शिदोजी. मागे गावात राहिली तान्ही लेकरं, म्हाताऱ्या बायका आणि शिदोजीची बायको, येसू.

येसूच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. तिला सासूचा भारी धाक. "येसू, भाकरी करपली!" "येसू, चुलीपुढचं कुणी झाडायचं?" दिवसभर आपलं हेच. आवाज तर असा, की फळीवरची भांडी वाजायची. येसूच्या मनात यायचं, या आवाजाला एक दिवस तरी सुट्टी मिळावी, बाई.

त्या सकाळी ती अंगण झाडायला बाहेर आली, आणि बघते तर खडकावर करकोचा! दोन पायांवर उभा.

ती तशीच आत पळाली. "आत्याबाई, उठा! करकोचा आलाय! हाळी द्या!"

धुरपाबाई लगबगीनं बाहेर आली. छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि काहीच नाही. नुसती हवा. गारठ्यानं घसा पार बसला होता.

येसू मनात म्हणाली, आपल्याच मनात आलं होतं ना, सुट्टी मिळावी म्हणून? आपलीच नजर लागली का? तिनं स्वतः ओरडून पाहिलं, बेंबीच्या देठापासून ओरडून पाहिलं. नदीनं तिचा आवाज काठावरच गिळला.

मग धुरपाबाईनं आधी घशाकडं बोट दाखवलं आणि मग चुलीकडं. येसूला कळलं. हळदीचा काढा! पण धुरपाबाईची बोटं थंडीत आखडायची, तिच्या हातात भांडं काही राहायचं नाही. करायचं ते येसूलाच. आणि घरातली हळद तर संपत आलेली, नवी सगळी बेटावर. तिनं डबा उपडा केला. तीन हळकुंडं पडली. फक्त तीन.

येसूनं एक हळकुंड उचललं. दोन घाव घालून ठेचलं न ठेचलं, कोमट पाण्यात टाकलं, ढवळलं. धुरपाबाई मान हलवत होती, नको, असं नको. पण येसूचं लक्ष दाराबाहेर.

"घ्या आत्याबाई, प्या लौकर!"

धुरपाबाई प्यायली. तोंड उघडलं. गळ्यातून निघालं, "चींऽऽ!" अगदी उंदरासारखं. उंबऱ्यावरची मांजर तेवढी कान टवकारून उठली.

आणि बाहेर करकोच्यानं एक पाय उचलून पोटाशी घेतला.

"निघालं पाणी!" येसू म्हणाली. मग तिनं दुसरं हळकुंड घेतलं. या वेळी काढा चांगला उकळायचा, असं ठरवलं. चुलीत लाकडं कोंबली, फुंकणीनं फुंकलं. जाळ हा असा! पातेल्यातलं पाणी भसकन उतू गेलं, निखाऱ्यांवर फस्स झालं, घरभर धूर. तळाशी राहिला एक घोट, करपलेला, कडूजहर. तोच तिनं सासूला पाजला.

धुरपाबाईनं तोंड उघडलं, तर गळ्यातून रेडा डुरकला! आवाज मोठा होता हो, नदी ओलांडून थेट बेटावर गेला. पण त्यात शब्दच नाहीत. बेटावर शिदोजीनं मान वर केली. म्हणाला, "कुणाचा रे रेडा सुटलाय गावात?" आणि माणसं पुन्हा वाकून हळद खणायला लागली.

खडकावर करकोच्यानं पंख उघडून पाहिले. मग मिटले.

येसू मटकन खाली बसली. हात पिवळे झालेले. "आत्याबाई, एकच हळकुंड राहिलंय. माझ्यानं नाही व्हायचं. हे तिकडं आहेत हो, सगळं गाव तिकडं आहे!"

आता धुरपाबाई रागावेल, असं तिला वाटलं. पण धुरपाबाई तिच्याजवळ बसली. आपल्या आखडलेल्या हातात तिनं येसूचं मनगट धरलं आणि खलबत्त्याकडं नेलं. येसू कुटायला लागली. हात घाईला आला की सासू मनगट हलकंच दाबायची. हळकुंड बारीक झालं, पिठासारखं. मग चार मिरे कुटले, आल्याचा तुकडा ठेचला. पेलाभर पाणी मोजून घातलं. चुलीतली दोन लाकडं मागं ओढली, जाळ मंद केला.

मग धुरपाबाईनं खुणेनं सांगितलं, आता थांब. पाणी अर्ध्यावर येऊ दे.

बाळांनो, ते थांबणंच सगळ्यात अवघड होतं. येसू एकदा पातेल्यात बघायची, एकदा दारातून खडकाकडं. पाणी काही आटेना. तिला वाटायचं, आत्ताच उतरवावं, आत्ताच! तिचं मनगट सासूच्या हातात होतं, आणि सासूचा हात कापत होता. तेव्हा येसूला कळलं, आत्याबाईंनाही भीती वाटते. त्यांचाच तर मुलगा तिकडं आहे. तिनं दुसरा हात सासूच्या हातावर ठेवला. दोघी तशाच चुलीपुढं बसून राहिल्या. काढा पिवळ्याचा केशरी झाला. घरभर मिऱ्याचा वास सुटला. पाणी अर्ध्यावर आलं.

येसूनं गूळ घातला, काढा फडक्यानं गाळला, फुंकून निववला. धुरपाबाईनं एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. आणि चालत खडकाजवळ गेली.

"पाणी आलंऽऽ! वर याऽऽ!"

काय सांगू! वेळूची बनं हलली. झाडांवरची पाखरं उडाली. बेटावरची माणसं हातातल्या कुदळी टाकून होडीकडं पळाली.

हाळी निघाली ती एकच. लगेच गळा पुन्हा मिटला. पण एक पुरे झाली.

होडी लहान. पहिल्या खेपेला आल्या लेकुरवाळ्या. दुसऱ्या खेपेला आल्या बाकीच्या बायका आणि थकलेली माणसं. तिसऱ्या खेपेला राहिलेले गडी, आणि सगळ्यात शेवटी होडीत चढला शिदोजी. तिसरी खेप मध्यावर आली आणि करकोचा उडाला.

वळणावरून पाणी आलं. भिंतीसारखं. होडी गरकन फिरली. येसूनं दाव्याला दावं बांधून लांब दोर केला, कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि जीव खाऊन दोर फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा शिदोजीच्या हातातून निसटला. तिसऱ्यांदा त्यानं धरला. मग सगळ्या बायकांनी दोर ओढला. धुरपाबाईनं तर तो कमरेला गुंडाळून ओढला. होडी काठाला लागली, आणि मागं वळून बघतात तो बेट नाहीच. नुसते वेळूचे शेंडे.

माणसं तीनदा मोजली. एकही कमी नव्हतं.

येसू सासूच्या गळ्यात पडून रडली. "आत्याबाई, घसा बरा झाला की रोज ओरडा हो माझ्यावर." धुरपाबाई हसली, आवाज न करता, आणि तिनं सुनेचे पिवळे हात आपल्या गालांना लावले.

बेटावरची हळद मात्र सगळी वाहून गेली. तीन दिवस नदी पिवळी वाहत होती. खालच्या गावांतल्या बायका पाण्याला गेल्या, त्या पिवळी पावलं घेऊन घरी आल्या. मग पाणी ओसरलं. खालच्या गावांच्या काठांना हळदीचे कंद लागले होते. कुणी ठेवून घेतले नाहीत, बरं का. टोपल्या भरभरून त्यांनी ते वर आणून दिले. बेटावर पुन्हा हळद लागली. शिदोजी, येसू, धुरपाबाई, सगळं गाव सुखात राहिलं.

चला, मिटा डोळे. नदी गेली झोपायला. आता तुम्हीही झोपा, माझ्या राजांनो.