कवडूचा दगड

पाहुणे, बाजारात विश्वास कोणावर ठेवावा? विकणाऱ्याच्या तोंडावर, पक्ष्याच्या आवाजावर, की पाण्यावर? उत्तराची घाई नको. आधी तळ्यात तो काळा दगड पाहा, पाण्यावर मुंडकं काढल्यासारखा. आमच्या हंसटोलीत त्याला कवडूचा दगड म्हणतात.

तळ्याच्या पाळीची राखण पूर्वी पुनाबाईकडे होती, असे सांगतात. कोणी पाण्यासाठी चोरून पाळीचा बांध फोडायला आला की तिचे हंस कलकलाट करून गाव गोळा करीत. नवरा गेलेला, मूलबाळ नाही; राखणीचं धान्य मिळे त्यावर तिचं पोट. पण कळप म्हातारा होऊन सरला, एक थकलेला नर तेवढा उरला. गावचा जमीनमालक, त्या मालगुजाराने बजावलं, "पुढच्या जत्रेपर्यंत पाळीवर पिल्लं दिसली नाहीत, तर राखण दुसऱ्याला."

पुनाबाईने पेटीतल्या लग्नाच्या पाटल्या काढल्या आणि त्याच वर्षीच्या जत्रेत कवडू पक्षीवाल्याकडून सहा हंसी घेतल्या.

आता हंस आणि हंसी दिसायला सारखेच. साऱ्या जातीला हंस म्हणतात, नरालाही हंसच. हंसी मात्र फक्त मादी, अंडी घालणारी. मोल चढतं ते या दुसऱ्या शब्दाला. गाव आवाजावरून पारख करी: जाड आवाज बाप्याचा, बारीक बाईचा. माणसाचं माप पक्ष्याला लावलं आणि तिथेच फसलं. हंसांत उलटं असतं. नर किरटा ओरडतो, मादी घोगरी. कवडूला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने किरटे किरटे सहा निवडून दिले.

"साऱ्या हंसीच ना, दादा?"

"साऱ्या हंसी, माय. तळ्याची आण!"

वर्ष गेलं. अंडं एक नाही. सहाही नर आपसांत भांडले, आणि म्हाताऱ्याला चोचींनी मारून टाकलं. तेव्हा कुठे पुनाबाईच्या ध्यानात आलं. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. म्हणे, छातीतच पेटली होती.

जत्रा भरली. सहाही पक्षी टोपल्यांत घालून ती कवडूसमोर उभी राहिली. "हे नर आहेत. माझ्या हंसी दे."

कवडू चार लोकांकडे बघून हसला. "पक्षी चांगलेच होते, बाई. धनीणच वांझ, तर बिचारे काय करतील?"

बाजार हसला. हो, आमचाच बाजार. ते सांगताना आजही लाज वाटते.

पुनाबाई रडली नाही. तिने त्याचं मनगट धरलं आणि त्याला तळ्यात गुडघाभर पाण्यात नेलं. "आण तळ्याची घेतलीस. आता तळ्याला सांग." एकेक पक्षी ती त्याच्या हातात देई. लोक बघतात म्हणून तो ऐटीत म्हणे, "हंसी!" म्हणाला की पाणी चढे. मांडी, कंबर, बेंबी, छाती, खांदा. गंमत अशी की शेजारी उभ्या पुनाबाईच्या गुडघ्यालाच पाणी. सहाव्याला ते हनुवटीला लागलं, तसा तो किंचाळला, "नर! सगळे नर आहेत!"

पाणी सरसर उतरलं. त्याने हात जोडले. "पिंजऱ्यातल्या सहा हंसी घेऊन जा. झालं आता?"

"नाही झालं," पुनाबाई म्हणाली. "तू मला जे बोललास, ते मागे घे. इथेच. एवढ्यांसमोर."

सहा पक्ष्यांचं खोटं कबूल करणारा तो माणूस इथे अडला. मान ताठ झाली. "पक्षी दिले ना? आता बाईपुढे नाक घासू?"

मग पाणी आलं, ते पुन्हा उतरलं नाही. लोकांनी दोर टाकला, तो त्याच्याजवळ पोचलाच नाही. सकाळी तिथे हा दगड होता.

पुनाबाईने पिंजऱ्यापाशी कान देऊन घोगऱ्या आवाजाच्या सहा निवडल्या. मालगुजाराने मुदत वाढवली, आणि राखण तिच्याकडेच राहिली. पण तिचा राग काही उतरला नाही, असे म्हणतात. आणि का उतरावा?

आजही हंसटोलीच्या बाजारात पक्षी विकणारा गुडघाभर पाण्यात उतरतो, दगडाकडे तोंड करून "हंस" नाहीतर "हंसी" म्हणतो, मगच सौदा होतो. आणि अंडी न घालणाऱ्या पक्षिणीलाही इथे कोणी वांझ म्हणत नाही. तेव्हा पाहुणे, घरी जाऊन आपल्या वहीत नराला नर लिहा, मादीला मादी लिहा. आणि तोंडून गेलेला शब्दही त्याच वहीत मांडा. हिशेब खरा ठेवा.