वाटेवरचा उंट

उत्तरेकडच्या त्या खोऱ्यात सम्राटाच्या थडग्याकडे जाणारी एक सरळ वाट आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना दगडी मूर्ती उभ्या आहेत. सिंहासमोर सिंह, घोड्यासमोर घोडा, हत्तीसमोर हत्ती, आणि अगदी शेवटी बाह्यांत हात घालून उभे असलेले प्रधान. त्यांच्यासमोर तसेच तोंड मिटलेले प्रधान. सगळं जोडीनं. फक्त एके ठिकाणी गुडघे मोडून बसलेला उंट एकटा आहे. त्याच्यासमोर चौथरा आहे आणि चौथऱ्यावर गवत. उंट त्या गवताकडे बघत असतो.

पाहुणे विचारतातच. काओ आजी वाटेच्या तोंडाशी भाजलेली रताळी विकते. ती मूळची टेकडीपलीकडच्या चिंगथोउची. चिंगथोउ म्हणजे विहिरीच्या काठचं गाव. रोज कुणीतरी तिच्याकडून रताळं घेतं आणि विचारतं, "आजी, याच्या जोडीचा उंट चोरीला गेला का हो?"

"चोरून न्यायला तो काय कोंबडा आहे?" आजी म्हणते. "वाटेवर आहे. अजून पोचला नाही."

पाहुणे हसतात. आजी हसत नाही. निखाऱ्यावरची रताळी उलटी करते आणि सांगू लागते. तिनं हे तिच्या सासूकडून ऐकलं, सासूनं तिच्या सासूकडून. या गोष्टीत माहेरचं काही नाही, ती सुनांकडूनच सुनांकडे येते.

असं सांगतात, की थडग्याचं काम चालू होतं तेव्हा चिंगथोउत वानयुन नावाची एक मुलगी लग्न होऊन आली. तिचा नवरा दालू पाथरवट होता. लग्नाला महिना होतो न होतो तोच त्याला खोऱ्यात बोलावून घेतलं. खोऱ्यात गेलेल्या पाथरवटानं काम पुरं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही आणि बाईमाणसानं आत जायचं नाही, असा हुकूम होता. तोंडाशी पहारा बसलेला.

एका महिन्यात नवऱ्याची ओळख ती किती होणार? लग्नात नवरीनं नवऱ्यासाठी जोडा शिवायची तिथे रीत, म्हणून त्याच्या पावलाचं माप तेवढं वानयुनला पाठ होतं. चेहरा मात्र रोज थोडा थोडा पुसट व्हायला लागला. कधी कधी ती सासूबाईंच्या तोंडाकडे टक लावून बघायची, नाक तरी त्यांच्यासारखंच असेल म्हणून.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का?" सासूबाई विचारायच्या.

"नाही," म्हणून ती पीठ मळायला लागायची. सासूबाई फारशा बोलत नसत, आणि वानयुनही बोलक्यांतली नव्हती. त्या घरात सगळ्यांत जास्त आवाज चुलीचा यायचा. वारा उत्तरेचा असला म्हणजे टेकडीपलीकडून छिन्न्यांची टकटक ऐकू येई. त्यातली त्याची कुठली, हे ओळखायचा तिनं पुष्कळ दिवस प्रयत्न केला, मग सोडून दिला.

आता मूर्तींचे ते दगड खाणीतून खोऱ्यापर्यंत आले कसे, ते ऐका. कुठल्याही चाकाला पेलणार नाहीत असले ते धोंडे. म्हणून हिवाळ्याची वाट बघायची. खाणीपासून खोऱ्यापर्यंत वाटेत विहिरी खणलेल्या होत्या. कडाका पडला की गावोगावच्या बायकांनी पाणी शेंदायचं, वाटेवर ओतायचं, त्याचा आरशासारखा बर्फ होऊ द्यायचा. मग दगड बिनचाकी गाड्यावर चढवून शेकडो माणसं तो बर्फावरून ओढत नेत. प्रत्येक घराला वाटेचा एकेक पट्टा नेमून दिलेला. वानयुनच्या घराचा पट्टा खोऱ्याच्या अलीकडे, दलदलीवरून जाणारा, सगळ्यांत ओंगळ. नव्या सुनेच्या वाट्याला यायचा तोच आला, म्हणा.

आल्या आल्याच तिच्या हातून एक चूक झाली होती. माहेरच्या सवयीनं तिनं चुलीतली राख दारापुढच्या वाटेवर टाकली. झालं, चारही घरांतून बायका धावल्या.

"अगं बाई, राख! हिच्या आईनं काही शिकवलंय की नाही?" शेजारच्या वूकाकी ओरडल्या. "दुपारचं ऊन पडलं की राख बर्फाला आतून खाते, पोरी. वरून दिसतो टणक आणि खाली नुसता चिखल."

तेव्हापासून तिचं नावच पडलं, राखवाली. हाक मारताना वूकाकींना मोठी गंमत वाटायची. वानयुन ओ द्यायची. नव्या गावात कुठल्या का नावानं होईना, कुणी हाक मारतं आहे हेही थोडं नव्हतं.

पुढल्या हिवाळ्यात गाडा ओढणाऱ्यांचे मुकादम, फेंगमामा, विहिरीवर पाणी प्यायला थांबले. म्हणाले, "आता एकच धोंडा राहिला. एक उंट आत जाऊन बसलाय, त्याच्या जोडीचा तेवढा न्यायचा. जोडी लागली की थडग्याचं दार बंद. सम्राट कधीचा आत निजलाय, त्याचीच खोळंबली आहे झोप."

"आणि पाथरवट?" वानयुननं विचारलं.

"काम संपल्यावर पाथरवटांना कोण बसवून खायला घालतं? सुटतील."

त्या रात्री सासूबाईंनी न बोलता तिच्या वाडग्यात एक अंडं जास्त घातलं.

आणि मग खोऱ्यातून एक काम आलं. पाथरवटांसाठी नवे जोडे हवेत, गावातल्या बायकांनी शिवून द्यावेत. कापड पांढरं, सरकारी. तिथला जोडा म्हणजे तळाला चिंध्यांचे थर खळीनं चिकटवायचे आणि तागाच्या दोऱ्यानं घट्ट टाचायचे. जितके थर जास्त तितका जोडा टिकाऊ. या जोड्यांना मात्र तळ एकाच थराचा हवा, असं कामगिरीवरचा माणूस दोनदा बजावून गेला.

"सरकारला चिंध्याही महाग झाल्या का गं?" वूकाकी म्हणाल्या, आणि बायका हसल्या. वानयुनही हसली. मग तिनं पाहिलं, की सासूबाईंची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली आहे.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "सासूबाई, एका थराचा जोडा किती चालेल?"

"तो चालायचा नसतो."

"म्हणजे?"

"तुझ्या सासऱ्यांना पेटीत ठेवलं तेव्हा मी असाच शिवला होता." सासूबाईंनी चुलीत लाकूड सारलं. "मेलेल्याच्या पायाला जाड तळ कशाला?"

आतले बोगदे, दारं, खजिना कुठे आहे हे ज्यांना ठाऊक, ती माणसं दाराबाहेर ठेवायची नाहीत, असं कुणीतरी ठरवलेलं होतं, आणि जोडे मात्र त्यांच्या बायकांकडूनच शिवून घ्यायचे होते. फुकटात. वानयुननं दालूच्या मापाचा जोडा शिवला. न शिवून सांगणार कुणाला? आत कळवावं तर पाथरवट पळतील, आणि पळालेल्याच्या घरादाराचं काय करतात हे सगळ्या मुलखाला माहीत होतं. गाडा ओढणाऱ्यांनी हयगय केली तर त्यांची डोकी जायची. जमिनीनंच दगड गिळला, तर मात्र ती आकाशाची मर्जी, तिथे कुणावर डोळे वटारणार?

दुसऱ्या दिवसापासून वानयुन आपल्या पट्ट्यावर पाणी ओतायला गेली ती पोहऱ्यांबरोबर एक टोपलीही घेऊन. राख पसरायची, वरून पाणी ओतायचं, गोठू द्यायचं; त्यावर पुन्हा राख, पुन्हा पाणी. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. चांगल्या सुनेसारखी ती कामाला लागलेली दिसायची, म्हणून कुणी टोपलीकडे बघितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरची राख पुरेना. सासूबाईंनी चुलीत एकदम मोळीभर लाकडं घातली.

"थंडी आहे," त्या म्हणाल्या. ओसरीवर तेव्हा चांगलं ऊन पडलेलं होतं.

उंटाचा धोंडा आला तो असाच एका उन्हाच्या दिवशी, दुपारी. दोर ताणलेले, माणसं हेल काढत होती. गाडा दलदलीच्या मध्यावर पोचला आणि बर्फातून म्हणे असा आवाज आला, जसा कुणी दात-ओठ खातं आहे. फेंगमामांनी दोर तोडायला लावले. माणसं कडेला पळाली, एकाचाही जीव गेला नाही. धोंडा काही घाई न करता, एखादा म्हातारा ऊन पाण्यात उतरावा तसा, खाली गेला.

फेंगमामांनी ओंजळभर पाणी उचललं. ते करडं होतं. त्यांनी ते बोटांत चोळलं, मग वानयुनकडे पाहिलं.

"पोरी, तुमच्याकडे चूल फार जळते."

"सासूबाईंना थंडी सोसत नाही," ती म्हणाली.

फेंगमामांनी हात झटकले आणि अधिकाऱ्याकडे वळून गुडघे टेकले. "सरकार, जमिनीनं गिळला. आकाशापुढे आपण काय करणार?"

दुसरा धोंडा आणावा तर तेही जमेना. जोडीतले दोन्ही उंट एकाच खडकाचे हवेत, तसं नसेल तर जोडी लागत नाही, असा शास्त्रार्थ होता. तेव्हा ठरलं की बुडालेलाच दगड दरवर्षी हिवाळ्यात काढायचा प्रयत्न करायचा. तो निघेपर्यंत दार बंद करायचं नाही आणि दार बंद होईपर्यंत काम पुरं झालं म्हणायचं नाही. आणि काम पुरं झालेलं नसताना पाथरवटानं खोऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही.

हे वानयुनच्या हिशेबात नव्हतं. तिनं त्याला मरू दिलं नाही, एवढंच झालं. येऊ देणं तिच्या हातात उरलं नाही.

नवं वर्ष आलं. दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदाच्या पट्ट्या लावायच्या, उजवीवर कवितेची पहिली ओळ, डावीवर दुसरी. वानयुननं उजवी लावली आणि हात खाली घेतला.

"आणि डावी?" सासूबाईंनी विचारलं.

"जोडी पुरी करायला भीती वाटते."

सासूबाईंनी डावी पट्टी तिच्या हातातून घेतली, गुंडाळली आणि पिठाच्या मडक्यात ठेवून दिली.

धान्य घेऊन फेंगमामा आत जाऊन आले, त्यांच्याबरोबर दालूचा निरोप आला. त्यांनी तो मान वळवून, विहिरीकडे बघत सांगितला. "म्हणतो, तुझ्याच पट्ट्यात रुतला म्हणे दगड. पुढच्या हिवाळ्यात नीट पाणी ओत, म्हणजे मी येतो. काय सांगू?"

"सांगा, हो म्हणाली."

दर हिवाळ्यात हाच निरोप यायचा, दर वर्षी थोडा आखूड. एकदा नुसताच आला, 'एवढंही जमत नाही का?' ती दर वर्षी 'हो' पाठवायची आणि दर वर्षी राख पसरायची. गावातल्या इतर पाथरवटांच्या बायकांचे नवरेही आतच होते. त्या पाणी भरताना तिला बोलायच्या, आणि वूकाकी सगळ्यांत जास्त, कारण त्यांचा मुलगा आत होता. राखवाली ऐकून घ्यायची. सासूबाई गेल्या तेव्हा, खरी गोष्ट माहीत असलेलं घरातलं दुसरं माणूसही गेलं. त्यानंतर घरात चूल पेटायची ती एका माणसाच्या मानानं फारच मोठी.

मग एका वर्षी निरोपच आला नाही. पुढच्या हिवाळ्यात फेंगमामा आले, आता पार वाकलेले, काठी टेकत. विहिरीच्या कठड्यावर बसले.

"खोऱ्यात जोड्यांची टंचाई झाली. कोठीत पांढरे जोडे पडून होते, ते वाटले. दालूनं पाय घातला आणि पहिल्याच पायरीला तळ फाटला. टाके त्यानं ओळखले. फाटका जोडा हातात घेऊन दिवसभर बसला होता म्हणे."

वानयुनच्या हातातला दोर तसाच राहिला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दगडाची काही घाई नाही. आणि हातांना चरबी लाव म्हणावं, गार पाण्यानं फुटतात."

त्या दिवशी ती विहिरीवर अंधार पडेपर्यंत होती. रडली की नाही ते सांगता येत नाही. पाणी शेंदताना सगळ्यांचेच चेहरे ओले असतात.

त्यानंतर उत्तरेचा वारा सुटला की एकाच छिन्नीचा आवाज यायचा, असं सांगतात. घडवायला दुसरं काही नव्हतं, म्हणून दालू तो एकटा उंटच पुन्हा पुन्हा घडवायचा. मानेचे केस, नाकपुडीची सुरकुती, पापण्या. बाकीच्या जनावरांना पापण्या नाहीत. आता तिला तो आवाज ओळखू यायचा. मग एका हिवाळ्यात वारा आला आणि त्यात काही नव्हतं. वानयुननं त्या दिवशीही राख पसरली. आत दुसऱ्यांची माणसं होती.

पुढे ते राजघराणं बुडालं, पहारेकरी भाले टाकून पळाले. उरलेले म्हातारे पाथरवट उघड्या दारातून बाहेर आले, टेकडी ओलांडून आपापल्या घरी गेले. वूकाकींचा मुलगाही आला. तोवर काकी नव्हत्या. वानयुन उलट वाटेनं आत गेली. उंटासमोरच्या रिकाम्या चौथऱ्यावर ती थोडा वेळ बसली, उन्हं उतरल्यावर उठली आणि घरी आली. त्या वर्षीही तिनं दाराला उजवीच पट्टी लावली.

आजही थडग्याचं दार उघडंच आहे, आणि दुसरा उंट टेकडीपलीकडे चिखलाखाली कुठेतरी वाटेवर आहे. चिंगथोउतली तरुण माणसं आता लांबच्या शहरांत कारखान्यांवर असतात, कुणाचा नवरा, कुणाची बायको. संध्याकाळी फोनवर चेहरा दिसतो, जेवलास का विचारून होतं. तरी नव्या वर्षाला ज्या घरचं माणूस बाहेर आहे, त्या दाराला आजही उजवीकडचीच लाल पट्टी असते. डावी पिठाच्या डब्यात गुंडाळून ठेवतात. ज्याची त्यानं येऊन लावायची. काही डब्यांत चार-पाच वर्षांच्या पट्ट्या साठल्या आहेत, पीठ काढताना हाताला लागतात.

नवख्या पाहुण्यानं दारात उभं राहून विचारलं, की दुसऱ्या बाजूला का हो काही नाही, तर घरातली सून म्हणते, "खळ कमी पडली," आणि चहाला आधण ठेवायला आत जाते.