उघडी झडप

एकदा एका आचार्यांना राहायला घर मिळाले, आणि त्या घराला सहा चाके होती. दिले एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने. आचार्यांचे वय झाले, गावोगावच्या धर्मशाळांतले डास आणि ओल्या गाद्या आता त्यांना सोसत नाहीत, हे पाहून त्याने एक मोठी गाडी खास बांधून घेतली. आत झोपायला फळी, चहापुरती शेगडी, आंघोळीला आडोसा आणि अगदी शेवटी, दार लावून घेता येईल असा संडास. व्यापाऱ्याला त्या संडासाचे भारी कौतुक. येणाऱ्याजाणाऱ्याला तो आधी तोच दाखवी.

गाडीची व्यवस्था वामन नावाच्या शिष्याकडे आली. वामन चाळिशीचा, नऊ वर्षे आचार्यांजवळ राहिलेला, आणि स्वच्छतेच्या बाबतीत असा काटेकोर की त्याच्या उपरण्यावर बसायला माशीही दोनदा विचार करी. गाडी चालवणे, पाणी भरणे आणि गाडीच्या पोटाखालच्या दोन टाक्या रिकाम्या करणे ही त्याची कामे. एक करडी टाकी. तिच्यात आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी साठे. दुसरी काळी, तिच्यात काय साठे ते सांगायला नको. प्रत्येक टाकीला एक झडप, झडपेला ओढायचा दांडा. गाडीबरोबर एक पुस्तिकाही आली होती. आचार्यांनी ती पोथीसारखी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वामनने ती कपाटात ठेवून दिली. टाकी रिकामी करायला पुस्तक कशाला वाचायचे, असे त्याला वाटले. तुम्हाआम्हालाही तसेच वाटले असते.

चातुर्मास आला आणि गाडी चार महिने एका धर्मशाळेमागे उभी राहिली. तिथे गटाराचे चेंबर अगदी हाताशी होते. वामनने जाड पाइप त्यात सोडला, दोन्ही दांडे ओढले आणि ते तसेच ओढलेले ठेवले. घाण साठायलाच नको, आली की गेली. ही युक्ती त्याला इतकी पसंत पडली की ज्यांनी ही गाडी बांधली त्यांना हे कसे सुचले नाही, याचे त्याला मनातून नवल वाटत राहिले.

चातुर्मास संपला. पुढचा दौरा वामननेच आखला, आणि आखताना एक गाव सफाईने वगळले. ते त्याचे स्वतःचे गाव होते. तिथे त्याचा थोरला भाऊ राहत होता. सहा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. त्याआधी दोन वर्षे ती अंथरुणाला खिळून होती, आणि तिचे सगळे दादा आणि वहिनी करीत. वामन एका दिवाळीला चार दिवस गेला होता. एका दुपारी घरात तो आणि आई असे दोघेच असताना तिने आतून हाक मारली. तिचे अंथरूण खराब झाले होते. "आलो हं, आई," असे वामन म्हणाला, उंबऱ्यापर्यंत गेला, त्याला वास आला, आणि तो मागे फिरून ओट्यावर जाऊन बसला. दोन तास बसला. दादा आल्यावर त्याने सांगितले, "मी नदीवर गेलो होतो, मला काही कल्पना नाही." आत आईने ते ऐकले. ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळच्या गाडीने वामन परतला, आणि पुढच्या आषाढात आई गेली.

तेराव्यानंतर त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. मात्र दर महिन्याला दादाला एक पोस्टकार्ड तो न चुकता पाठवी. खुशाली, हवापाणी, आणि तळाशी 'चू. भू. द्या. घ्या.', म्हणजे चूकभूल द्यावी घ्यावी. उत्तर कधी आले नाही; आजारी आईकडे चारच दिवस फिरकल्याचा दादाला राग असणार, असे त्याने धरले होते. दादाने आपल्याला पुन्हा घरात घ्यावे, यापलीकडे या जगात वामनला काही नको होते. पण दादासमोर उभे राहायचे धैर्य त्याला होत नसे, म्हणून त्याने वाट वाकडी केली.

दौऱ्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी संडासातले पाणी खाली जाईना. उलट ते भांड्यात वर चढू लागले. जवळच्या शहरात मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र होते, तिथे वामनने घाईघाईने गाडी नेली, पाइप जोडला आणि काळ्या टाकीचा दांडा ओढला. आतून चमचाभर तपकिरी पाणी आले आणि थांबले. त्याने दांडा आत ढकलला, पुन्हा ओढला. काही नाही. टाकी भरल्याचा लाल दिवा मात्र जळत होता. चार महिने जी टाकी आपण क्षणभरही भरू दिली नाही ती भरली कशी, हे त्याला कळेना.

"गुरुजी, गावात जाऊन कोणाला तरी घेऊन येतो," तो म्हणाला.

"कोणाला?"

"असतात ना अशी कामं करणारी माणसं. दोन तासांत उपसून देतील."

नऊ वर्षांत आचार्यांचा आवाज चढलेला वामनने ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. "तुझ्यामाझ्या पोटातलं दुसऱ्या कोणी हातानं उपसायचं? हे बोलताना तुझी जीभ कशी रेटली रे?"

आणि एवढे बोलून आचार्यांनी धोतराचा काचा मारला, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे रबराचे हातमोजे कोपरापर्यंत चढवले, जमिनीवर गोणपाट अंथरला आणि ते गाडीखाली शिरले. वामन थिजून पाहत राहिला. ज्या पावलांवर डोके टेकायला लोक रांग लावीत, ती दोन पावले गाडीखालून बाहेर आलेली दिसत होती. तो "गुरुजी, नको, गुरुजी, मी करतो," असे म्हणत राहिला, आणि जागचा हलला नाही. त्याचे पाय पुढे जातच नव्हते. आपण अगदी असेच पूर्वीही एकदा उभे होतो, हे त्याच्या ध्यानात आले. मग तो खाली वाकला, त्याने दुसरे हातमोजे चढवले आणि गोणपाटावर आचार्यांच्या शेजारी आडवा झाला.

आचार्यांनी झडपेच्या तोंडातून एक ढेकूळ ओढून काढले. ते टणक होते. पत्र्यावर टाकल्यावर वाजले.

"हे तुझ्या चार महिन्यांचं," ते म्हणाले.

"पण मी तर झडप सदैव उघडी ठेवली होती! काही साठूच दिलं नाही!"

"झडप लाव," आचार्य म्हणाले. "आणि आता हिच्यात पाणी घाल."

"भरलेल्या टाकीत?"

"भरलेल्या टाकीत. कढत घाल, साबण घाल. जाईल तेवढं घाल."

गुरुजींचे वयामुळे काही बिघडले की काय, अशी शंका वामनला खरोखर आली. पण आज त्यांच्याशी वाद घालायची छाती नव्हती. संडासाच्या भांड्यातून नळी खाली सोडून, जोराच्या धारेने भांड्याखालच्या ढिगातून वाट करीत, त्याने बादलीमागून बादली पाणी टाकीत उतरवले. गाडी जड झाली. तेव्हा आचार्य पुढच्या आसनावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आता हिला चांगली हलवली पाहिजे. तुझ्या गावचा रस्ता अजून तसाच खाचखळग्यांचा आहे का रे?"

"आपण तिकडे जाणार नव्हतो, गुरुजी."

"गावात नाही जायचं. वेशीपर्यंत जाऊ आणि परत येऊ."

अकरा किलोमीटर जाणे, अकरा येणे. प्रत्येक खड्ड्यात गाडीच्या पोटात घुसळण होई, आणि खड्ड्यागणिक गाव जवळ येई. वेशीवरून दादाच्या घराची कौले दिसली. वामनने नजर वळवून गाडी फिरवली. आचार्य खिडकीतून शांतपणे ज्वारीची शेते पाहत होते.

केंद्रावर परत आल्यावर त्यांनी पाणी आणखी तासभर मुरू दिले. मग वामनने दांडा ओढला, आणि जे आले ते एकदम आले. पाइप थरथरला. आत काहीतरी कोसळत, आदळत, ढकलत बाहेर पडत होते. त्या वासाने वामनच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याचा हात आपोआप उपरण्याकडे गेला.

"नाक झाकू नकोस," आचार्य म्हणाले. "आपलंच आहे. संपेपर्यंत बघ."

बराच वेळ ते संपलेच नाही. इतके सगळे आपण पायाखाली घेऊन हिंडत होतो आणि वर बसून स्तोत्रे म्हणत होतो, या विचाराने वामन हादरून गेला. काळी टाकी ओसरल्यावर आचार्यांनी करडीचा दांडा ओढायला लावला; तिच्या साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुऊन निघाला. नंतर पुन्हा दोनदा काळ्या टाकीत पाणी भरून सोडले, तेव्हा कुठे ते नितळ आले. दोघांनी हात कोपरापर्यंत घासून धुतले, आणि आचार्य एका दगडावर टेकले.

"वामन, झडप उघडी ठेवली की पातळ असतं तेवढं वाहून जातं. आपल्याला खळखळ ऐकू येते आणि वाटतं, गेलं सगळं. जड असतं ते जागचं हलत नाही. त्याला भिजवायला पाणीच उरत नाही, मग ते वाळतं, आणि त्याच्यावर दुसरं बसतं. टाकी भरू द्यायची असते. वास सोसायचा, धीर धरायचा, आणि मग एकदाच पूर्ण उघडायची."

मग ते म्हणाले, "तुझी कार्डं टपालाच्या पेटीत मी टाकतो. उघडं कार्ड, नजर जातेच. सहा वर्षं तळाशी तीच चार अक्षरं. काय चुकलं, ते मात्र एकाही कार्डात नाही."

आपण इतकी वर्षे क्षमा मागत होतो, अशी वामनची प्रामाणिक समजूत होती. तो हात जोडून सांगू लागला, "गुरुजी, त्या दिवाळीला आई—"

"मला नको," आचार्यांनी त्याला थांबवले. "ज्याचं आहे त्याला सांग. गाडी घेऊन जा. कितीही वेळ लागू दे, मी बसतो या झाडाखाली."

दादा ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्याने वामनकडे पाहिले, दारातल्या अजस्र गाडीकडे पाहिले, आणि हात न थांबवता पुन्हा दोरी वळू लागला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. वामन अंगणातच उभा राहिला आणि उभ्या उभ्या त्याने सगळे सांगितले. हाक ऐकली ते सांगितले. ओ दिली ते सांगितले. उंबऱ्यातून परत फिरलो ते, आणि नदीचे खोटे होते ते. मधले काही त्याने गाळले नाही.

दादाचे हात थांबले.

"तू घरात होतास?"

"इथेच बसलो होतो. तू बसलायस तिथे."

"ती हाका मारत होती?"

"तीनदा हाक मारली. मग थांबली."

दादा आता हात उगारेल, असे वामनला वाटले, आणि त्याने मान खाली घातली. पण दादा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. दारात वहिनी उभी होती, कणकेने भरलेले हात तसेच घेऊन. तिने सगळे ऐकले होते.

"ही त्या दिवशी माहेरी गेली होती," दादा म्हणाला. "एका दिवसासाठी. वामनभावजी घरी आहेत, असं सांगून गेली होती. मी हिला म्हटलं, नव्हता तो घरी, नदीवर होता, तू खात्री न करता माझ्या आईला एकटी टाकून गेलीस. सहा वर्षं म्हणतोय. काही भांडण निघालं की तेच. ही म्हणायची, ते घरीच होते हो. आणि मी म्हणायचो, माझा भाऊ खोटं बोलणार नाही."

वामन अंगणात मातीतच बसला. आपले पाप आपल्याच पोटात आहे, त्याचा जाच आपल्यालाच आहे, असे तो इतकी वर्षे धरून चालला होता. ते या बाईच्या ताटात रोज वाढले जात होते. दादाची क्षमा मिळावी म्हणून तो आला होता, आणि जिची मागायची तिचे नावही त्याच्या मनात कधी आले नव्हते.

"वहिनी," तो म्हणाला आणि त्याने हात जोडले.

वहिनी आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत कपड्यांचे गाठोडे होते.

"भावजी, ही गाडी तुम्ही चालवता?"

"हो."

"मग मला माहेरी सोडा. त्या दिवसापासून मी तिथे एक रात्र राहिले नाही. माझी आई आहे अजून."

दादा धडपडत उठला. "मी येतो बरोबर."

"तुम्ही आज नको," वहिनी म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता, पण त्यात विचारणाही नव्हती. "चार दिवसांनी न्यायला या. आल्यावर माझ्या आईसमोर सांगा, काय झालं होतं ते."

दादाने मान डोलावली. मग तो पुढे झाला आणि त्याने तिच्या काखेतले गाठोडे आपल्या हातात घेतले, गाडीपर्यंत नेऊन दिले. वामनने दार उघडून धरले. वहिनी पुढच्या आसनावर बसली आणि गाव मागे पडले. खड्डे चुकवीत वामन गाडी हळू चालवत राहिला.